बिनझिलईचे चेहरे

३ मार्च
‘तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं गं,’ आई एकदा म्हणाली होती. आज दार उघडताच मालकीणबाई हेच म्हणाल्या, आणि खूश झाल्या. खोली छान आहे, खिडकीतून ऊन येतं. काम माझ्या हातचं: त्यांच्या संग्रहातले राजघराण्यांचे तेरा अर्धपुतळे साफ करायचे. बिनझिलईची चिनी माती. चकाकी नाही, म्हणून कातडीसारखी दिसते आणि बोटाचा डागही पिऊन टाकते. पाणी चालत नाही. कापसाचा बोळा जिभेवर ओला करून हळूहळू फिरवायचा. थुंकीइतकं सौम्य काही नाही. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, शाळेत थुंकीने पाटी पुसायचीस, अजून तेच का! मागे माझी लेक खिदळत होती. काम संपेपर्यंत ती ताईकडेच.

७ मार्च
महाराणी पुसून झाली. डाव्या गालावर खळी निघाली, धुळीत दिसली नव्हती. मालकीणबाई तासभर समोर बसून होत्या. त्यांनी जन्मात एकाही पुतळ्याला हात लावलेला नाही.

९ मार्च
व्हिडिओवर लेकीने विचारलं, आई, तुझी खळी कुठे गेली? का हसत नाहीस?
मी हसतच होते. आरशात पाहिलं. ओठ हलले, गाल नाही.

१२ मार्च
युवराजाच्या कपाळावर माझी आठी, मधे तुटलेली. माझं कपाळ गुळगुळीत. टाचणी टोचून पाहिली, कळलं नाही. वाईटही वाटलं नाही.
मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आधीची बाईही अशीच कुरकुरायची. काचेच्या कपाटातल्या राण्यांत किती सुरेख उतरलीय बघा.

१४ मार्च
राजमाता. डोळे विस्फारलेले, ओठ जरासे उघडे. लेक बागेत हरवली होती, तेव्हाचं माझं तोंड.
बोळा थांबवायला हवा होता. भीती वाटली असती तर थांबवला असता.

१५ मार्च
बारा झाले. उरली छोटी राजकन्या. तिला मोठ्यांची थुंकी चालत नाही म्हणे. मालकीणबाईंनी परस्पर ताईला फोन केला: लेकीला घेऊन या, मजेत राहा चार दिवस.

१६ मार्च
ताईला व्हिडिओवर सगळं सांगितलं. आणू नकोस म्हटलं. ती हसत सुटली. एवढ्या थंड चेहऱ्याने कसल्या थापा मारतेस गं? तिथली हवा मानवलीय तुला. घाबरली असतीस तर मला दिसलं नसतं का?
पळावं— असं वाटायला हवं.

१७ मार्च
फाटकाशी गाडी. लेकीचा आवाज.
राजमातेसमोर बसलेय. एवढंच मागते— माझं भ्यालेलं तोंड दे. क्षणभर. ताईला दिसू दे, मग ठेव तुझ्याकडेच. देणार नाहीस, माहीत आहे. तरी— जिन्यावर पावलं— ताई दारात येईप—