मिसळणाच्या डब्यातले स्क्रू

आई, गेल्या महिन्यात पार्सल आलं. चार चाकं, दोन मोटारी, वायरचं भेंडोळं आणि एकाच पिशवीत कालवलेले लहानमोठे स्क्रू, टपालखर्चासकट साडेनऊशे. तू पाहिली नाहीस ती तुझी नात आता नववीत आहे. ती आणि तिच्या शाळेतल्या चौघी आमच्या ओसरीत रोबोट करतायत. ठोकळा उचलून ठरल्या जागी ठेवणारी गाडीच म्हण. सोलापूरला स्पर्धा आहे. पैशांचा जाब तुला देत नाही, घरखर्चातून मीच वाचवलेत. सांगायचंय ते वेगळंच. तुझा पितळी मिसळणाचा डबा मी पोरींना देऊन टाकला.

एकजण चाक धरून बसायची आणि बाकीच्या स्क्रू हुडकायच्या, सगळी संध्याकाळ त्यातच जायची. मी फोडणी देत होते तेव्हा लेक म्हणाली, "आई, तू न बघता मोहरी कशी घेतीस?" म्हटलं, "वाटी ठरलेली असती." ती डबा घेऊनच गेली. आता मोहरीच्या वाटीत बारीक स्क्रू, हळदीच्या वाटीत नट. बेंबळीला आमच्याकडं राहायला आलेल्या माझ्या नणंदेनं कपाळाला हात लावला, "हळदीच्या वाटीत लोखंड? येडाई कोपंल!" मी म्हटलं, "वन्सं, देवीच्या हातातलं शस्त्र काय हळदीचंय व्हय?"

रविवारी जोडणी दुपारीच उरकली. उरलेला वेळ गाडी चालवून बघायचा, कारण हात बसला नाही तर ठोकळा मधेच पडतो. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "झालं न्हवं काम? मग ह्ये गहू निवड." लेकीनं पुन्हा पेचकस उचलला आणि घट्ट बसलेलाच स्क्रू सावकाश फिरवायला लागली. "थोडं राहिलंय, आत्या."

आई, हा सावकाशपणा माझ्या ओळखीचा होता. मॅट्रिकच्या वर्षी मी पापड लवकर लाटून पुस्तक उघडलं, तर तू वाकळांचा ढीग धुवायला पुढ्यात टाकलास. "रिकामा हात देवीला आवडत न्हाय." दुसऱ्या दिवशी मी एकेक पापड मुद्दाम रेंगाळत लाटते आहे, डोळे पाटाआड लपवलेल्या पुस्तकावर, आणि तू शेजारणीला कौतुकानं सांगते आहेस, "पोरगी कशी निवांत, नीट काम करती!" मला हळू व्हायला तूच शिकवलंस. माझ्या लेकीला मी ते शिकू देणार नाही.

मी लेकीला म्हटलं, "काम झालंय. खोटं बोलू नको. ऊठ, गाडी चालव." वन्सं फणकारल्या, "म्हंजे ती खेळणार, अन् आपण राबायचं?" "व्हय. मी वाचवलेला रुपया कुणाला उधळू देत न्हाय, मग तिनं वाचवलेला वेळ का देऊ?" वन्सं गहू घेऊन आत गेल्या. गाडी अंगणात धडपडली, बादलीला धडकली, ठोकळा पडला, पुन्हा पडला. दिवेलागणीला मात्र लेकीनं आखलेल्या चौकटीत तो अलगद बसला आणि पाचही जणी अशा किंचाळल्या की कोंबड्या उडाल्या.

डबा परत मागू नकोस. पाकिटावर घालायला तुझा पत्ताही नाही, हे पत्र देव्हाऱ्याखालीच राहणार. म्हणून एवढं कबूल करते: त्या रविवारी मी हात मोकळे ठेवून पायरीवर गाडी बघत बसले होते, तर फाटक वाजलं आणि मी झटकन सूप मांडीवर ओढलं. शेजारची शेळी होती. सुपात गहू नव्हताच. रिकामा हात आवडत नाही हे देवी तुला स्वतः बोलली होती का, तेवढं तिलाच विचारून उलट टपाली कळव.