आप्पांचं नाव बदलताना

आप्पा, कारखान्याच्या सगळ्या कागदांवरून आणि वेबसाईटवरून तुमचं नाव काढायचं काम धाकट्याने माझ्यावर टाकलं. मी रोह्याला सासरी, तो पेणला तुमच्या मूर्तींमध्ये, पण कॉम्प्युटरचं काही निघालं की "ताई, तूच बघ." मी भडकलेच. म्हटलं, बापाचं नाव जड झालं का रे तुला? तर म्हणाला, "नाय गो. तुला फोन येत नाय म्हणून बोलतेस. नाव वाचून लोक आप्पांनाच मागतात. इतकी वर्षं झाली, अजून रोज सांगतो, ते गेले. सांगून सांगून जीव जातो माझा."

एकेक पान बदलत बसले असते तर गणपती येऊन गेले असते. म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली: 'जुनं' सापडेल तिथे 'नवं' टाक. ही दोन व्हेरिएबल, एकात तुमचं नाव, दुसऱ्यात धाकट्याचं. तुम्ही विचारलं असतंत, "ह्ये काय असतं गो?" आई बिस्किटांच्या डब्यात तूरडाळ ठेवायची ना, तसंच. वर एक नाव, आत आपण भरू ते. कॉम्प्युटरने डबा उघडून आतलं घ्यायचं. स्क्रिप्ट चालवली, धाकट्याला ऐटीत कळवलं, झालं! बघते तर एक अक्षर हललेलं नाही. आज्ञा मी एकेरी अवतरणात लिहिली होती, आणि एकेरी अवतरणात डबा उघडतच नाही. कॉम्प्युटर बिचारा डब्यावरचं नावच पानापानांत शोधत बसला. इतक्या वर्षांचा अनुभव, आणि ही चूक! पण खरं सांगते आप्पा, मला फार बरं वाटलं.

मी हे कॉम्प्युटरचं शिकले तुमच्यामुळेच. मूर्तींची एक फळी रिकामी करून तुम्ही कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर आणून ठेवलात. आई ओरडतेय, "देव खाली नि ह्ये डबडं वर?" आणि तुम्ही शाडूची धूळ बसू नये म्हणून त्यावर स्वतःचा टॉवेल टाकताय. त्याच्याकडे पळताना मी एका गणपतीचं बोट मोडलं. "घाई कुणाला हाय, तुला का गणपतीला?" एवढंच बोललात आणि बोट जोडायला बसलात. तुमचा राग तेवढाच असायचा.

मग मी दुहेरी अवतरण लावलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तुमचं नाव गेलं, सगळीकडे धाकट्याचं आलं. शोभतं हो त्याचं नाव. मी तरीही रडले.

पुढे त्याला विचारलं, आता फोन कसे येतात? "आता कोणीच आप्पांना मागत नाय गो," म्हणाला, आणि फोन ठेवलान.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून सांगते. काल दुपारी शेजारणीच्या फोनवरून, आवाज जाड करून, मीच कारखान्यात फोन लावला. "आप्पा आहेत का?"

फोन धाकट्यानेच उचलला. ओळखलंन असणार मला.

"हायत," धाकटा म्हणाला. "पण हात रंगात हायत त्यांचे. मागून लावा."

मी बरं म्हटलं. आज परत लावणार आहे.