चौथा टेक

प्रिय भुता,

तुझा फॉर्म मंगळवारी पोचला. पाकिटावरचं अक्षर तुझंच, पण आधीपेक्षा सरळ, ओळीत बसलेलं. ते बघून मला क्षणभर बरं वाटलं. पाकीट फोडल्यावर मात्र जे डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. शुक्रवारी कॉलेजच्या हॉलमध्ये आपली फिल्म दाखवणार, म्हणून तुला व्यसनमुक्ती केंद्रातून एका दिवसाची सुट्टी हवी. त्यासाठी बाहेरच्या कुणीतरी तुझी जबाबदारी घ्यायची, आणि 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात माझं नाव लिहून तू मोकळा झालास. मला विचारायची तसदीसुद्धा घेतली नाहीस. वर चिठ्ठी, की तू फक्त सही कर, बाकीचं मी सांभाळतो. तू सांभाळणार म्हणे. अरे, उपचाराचे नव्वद दिवस पुरे करायचेत, त्यातले पस्तीस झालेत, आणि तुझ्या डॉक्टरबाईंनी तुझ्या आईला बजावून सांगितलंय की मधे बाहेर पडलेली मुलं बहुतेक परत पहिल्या जागी जातात. तेव्हा आधीच सांगून टाकते, मी सही करणार नाही. का, ते शेवटपर्यंत वाचलंस तर कळेल. मधेच कागद चुरगाळून फेकू नकोस. हे सगळं लिहायचा धीर मला दुसऱ्यांदा व्हायचा नाही.

त्या चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य तर अगदी कळस आहे. फिल्ममधून चौथा टेक काढून टाकू नकोस, ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे. हे वाचून मी हातातला कप भिंतीवर मारला नाही तो केवळ कप माझ्या खोलीतल्या मुलीचा होता म्हणून. काम कसलं रे? बेशुद्ध पडण्याला काम म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या तीन टेकमध्ये तू काम करत होतास आणि ते अगदी टाकाऊ होतं, हे तुला त्या दिवशीही सांगितलं होतं, आजही सांगते.

विषय कसा ठरला ते आठवतंय ना? सरांनी सामाजिक विषयावर दहा-बारा मिनिटांची फिल्म करायला सांगितली, आणि आपण कँटीनच्या जिन्यात बसून आधीच्या बॅचच्या व्यसनावरच्या फिल्मची टिंगल करत होतो. मुलगा ओढतो, आई रडते, शेवटी काळ्या पडद्यावर एक उपदेशाचं वाक्य येतं आणि सगळे टाळ्या वाजवून बाहेर ओढायला जातात. आपण म्हटलं, आपण उपदेश करायचा नाही, आपण घाबरवायचं. आणि मग तू ती गोष्ट सांगितलीस. होस्टेलमधल्या एका मुलाच्या खाटेखाली एक भाडेकरू येऊन राहतो, हुबेहूब त्याच्याच तोंडाचा. आधी म्हणतो, मला फक्त कोपरा दे. मग उशी मागतो, मग ताटातला घास, मग अंथरूण. शेवटी मुलगा खाटेखाली आणि तो वर, आणि दारावर आई आली की तोच गोड आवाजात सांगतो, मी बरा आहे गं. दोन्ही भूमिका तूच करायच्या.  मला वाटलं, काय डोकं आहे या मुलाचं. आता कळतंय की डोकं वगैरे काही नव्हतं. तू स्वतःची दिनचर्या सांगत होतास आणि आम्ही बावळटासारखे तोंडात बोटं घालून ऐकत होतो. तेव्हापासून सगळे तुला भुता म्हणायला लागले, आणि तूही मजेत ओ द्यायचास.

मला सगळ्यात जास्त चीड त्या 'भूमिका' नावाच्या आडोशाची येते. वजन उतरलं, तर भूमिकेसाठी कमी करतोय. तालमीला दोन दोन तास उशिरा आलास, तर भूमिकेत शिरत होतो. हात थरथरतात, तर बघ कसं जमलंय. मेकअपवाली कौतुकानं म्हणायची की या नटानं माझं निम्मं काम वाचवलंय, डोळ्यांखालची काळी वर्तुळं तयारच घेऊन येतो. आम्ही हसायचो. तूही हसायचास. एकदाही, एका तरी संध्याकाळी, मला बाजूला घेऊन सांगावंसं वाटलं नाही तुला? तीन वर्षं एका बाकावर बसलो आपण. तुझे आजोबा गेले तो दिवस सोडून तू माझ्यासमोर कधी रडला नाहीस, आणि त्या दिवशी मी तुझ्यासाठी वर्ग बुडवला होता. मी तुझी कोण होते मग? फुकटची डायरेक्टर?

शूटिंगच्या दिवशी दुपारचे तीन वाजले होते. आपण खिडक्यांना काळी कापडं ठोकून रात्र केली होती. आवाज नको म्हणून पंखा बंद, वर ते दोन दिवे तापलेले, खोलीत नुसती भट्टी. आत आपण मोजून पाच जण. कॅमेरावाला चाकांच्या स्टुलावर, मेकअपवाली खाटेखाली आडवी, कारण भाडेकरूचा हात म्हणून तिचा रंगवलेला हात बाहेर यायचा होता. कोपऱ्यात हेडफोन लावून आवाज घेणारा आपला मौनीबाबा, जो दिवसभरात चार शब्द बोलला तर आज उधळपट्टी केलीस म्हणून आपण त्याला चिडवायचो. आणि दारापाशी मॉनिटरसमोर मी. शॉट एकच, न तोडता घ्यायचा. मुलगा बाटलीतून गोळ्या काढून तोंडात टाकतो, खाटेला टेकतो, हळूहळू सुस्त होतो, मग खालून हात येऊन त्याच्या खांद्यावर बसतो. बाटलीत मी स्वतः साखरेच्या गोळ्या भरल्या होत्या.

पहिले तीन टेक तू डोळे फिरवलेस, मान टाकलीस, जीभ बाहेर काढलीस. जत्रेतलं नाटक. मी वैतागले आणि सगळ्यांसमोर तुझा पाणउतारा केला. म्हटलं, तुझ्यात काडीचंही खरं दिसत नाही, घरी जा, मी दुसरा बघते. तू बाटली हातात घेऊनच बाथरूममध्ये गेलास, अर्ध्या तासानं परत आलास आणि म्हणालास, आता घे. माझ्या त्या शब्दांचं जेवढं देणं मी लागते तेवढं मान्य करते. पण साखरेच्या गोळ्या ओतून स्वतःच्या भरणारा हात तुझाच होता, आणि डॉक्टर म्हणाले की मूठभर तर तू बाथरूममध्येच गिळून आला होतास. एका शॉटसाठी. चार माणसांना न सांगता त्यांच्या देखत मरायला बसलास, आणि त्या मरणाची डायरेक्टर मला केलंस. हा राग मी विसरणार नाही, तू बरा झालास तरी नाही, आणि नीट बरा झालास की तुला त्याचं उत्तर द्यावं लागेल.

पुढचं तुला लोकांनी सांगितलंय. मी धावले, तुला कुशीवर वळवलं, तोंडात बोट घालून घसा मोकळा केला, फोन केला, गाडी येईपर्यंत तुझं नाव घेऊन ओरडत राहिले. हे सगळं खरं आहे. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले की आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं, आणि तुझी आई तिथल्या तिथे माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून दर रविवारी काकूंचा फोन येतो. तू होतीस म्हणून माझं पोर दिसतंय, म्हणतात. मागच्या महिन्यात त्यांनी मला स्वेटर विणून पाठवला, निळा, तुझ्यासाठी आणलेल्या लोकरीचा. मी तो अजून अंगात घातलेला नाही. त्यांना सांगितलं, सैल होतो. तोही खोटेपणाच.

आणि कॉलेजात काय झालं ते तर तुला कुणी सांगितलंच नसेल. तू हॉस्पिटलात असताना मी फिल्म जोडली. हो, जोडली. चौथ्या टेकसकट. मुदत होती, मार्क होते, आणि खरं सांगायचं तर तो शॉट माझ्याच्यानं टाकवेना. सरांनी बघितली आणि पुन्हा एकदा लावायला सांगितली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, या मुलाकडून असं काम तुम्ही काढून कसं घेतलंत. काढून घेतलंत. मी मूग गिळून बसले. वर्गातली पोरं येऊन सांगून गेली की अंगावर काटा आला, त्या श्वासाच्या आवाजानं तर झोप उडाली. कुणी चिप्स खात बघत होतं. तुझा श्वास बंद पडत चालला होता आणि लोक पिशवीत हात घालून शेवटचा तुकडा शोधत होते. मी त्या दिवशी सगळ्यांवर चिडले, सरांवर, परीक्षकांवर, त्या चिप्सवाल्यावर. खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसून शिव्या दिल्या. पण लोकांना बिचाऱ्यांना काय ठाऊक होतं? ते फिल्म बघत होते. दुसऱ्याच्या नावानं खडे फोडणं सोपं असतं, भुता, विशेषतः खडे आपल्याच खिशात असतात तेव्हा.

काल मी तो टेक पुन्हा लावला. सुरुवातीपासून, न थांबवता. मशीनवर खाली वेळ धावत असते, तुला माहीत आहे. पंधराव्या सेकंदाला तू गोळ्या तोंडात टाकतोस आणि तुझं तोंड कडू होतं. नाकाशी एक बारीकशी सुरकुती पडते. साखरेची गोळी कडू लागत नाही. ही गोष्ट मला काल मशीनपुढे बसून कळलेली नाही. त्या दुपारी मॉनिटरमध्ये ते तोंड दिसलं तेव्हाच मला ते खटकलं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटते लिहायला, मनात आलं की वा, हे पाहिजे होतं. दीड मिनिटानं मौनीबाबानं एका कानावरचा हेडफोन उचलला आणि माझ्याकडे बघितलं. तुझा श्वास त्याच्या कानात होता, आमच्यात सगळ्यात आधी त्यालाच ऐकू येत होता. त्यानं डोळ्यांनी विचारलं. मी तळहात वर केला. थांब. तो थांबला, कारण सेटवर डायरेक्टर म्हणेल तसं वागायचं हे आपण पहिल्या वर्षापासून घोकलंय. कॅमेरावाला हळूहळू पुढे सरकत होता, मीच त्याला खूण केली होती. खाटेखालून तो रंगवलेला हात वर आला, तुझ्या खांद्यावर बसला, आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून चित्र किती सुंदर दिसतंय ते बघत राहिले.

कट मी म्हटलंच नाही. आवाजाच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये आहे सगळं. तीन मिनिटं दहा सेकंदांवर मौनीबाबा ओरडतो, बास, बघताय काय, तो मरतोय. त्यानंतर मी धावले. सगळ्यांत पुढे होते म्हणून सगळ्यांना वाटलं की मीच आधी ओळखलं. मौनीबाबानं आजवर कुणाजवळ चकार शब्द काढलेला नाही. त्याच्याशी मात्र माझी नजर मिळत नाही. फिल्म मी आज सकाळी परत घेतली. सरांना मूळ रेकॉर्डिंग ऐकवलं आणि सांगितलं की शुक्रवारी काही दाखवायचं नाही. वर्ष गेलं तर जाऊ दे.

आता तुझा फॉर्म. तू तो नीट वाचलासही नसशील, नाव टाकून मोकळा झालास. मागच्या बाजूला जबाबदार व्यक्तीसाठी सात प्रश्न आहेत, हो किंवा नाही अशी खूण करायची. रुग्ण आपल्या परिचयाचा आहे का, हो. आपण स्वतः कोणतंही व्यसन करता का, नाही. सहावा प्रश्न असा आहे की रुग्णाच्या प्रकृतीत किंवा वागण्यात काही बदल दिसल्यास आपण हातातलं काम टाकून ताबडतोब मदत मागाल का. त्या प्रश्नापाशी मी मंगळवारपासून बसले आहे. हे पत्र त्याचं उत्तर आहे. फॉर्मवर मी 'नाही'समोर खूण केली, कारण एका ओळीत लिहिलं आणि तो सहीशिवाय डॉक्टरबाईंच्या पत्त्यावर टाकला. येत्या रविवारी भेटीचा दिवस आहे. मी सकाळी तुझ्या घरी जाऊन काकूंना सगळं सांगणार आहे, आणि त्यांनी तरीही मला गाडीत बसू दिलं तर दोघी मिळून येऊ, नाही तर मी एकटी बसने येईन. तुला मला काय बोलायचं असेल ते तोंडावर बोल, शिव्या दे, पुन्हा थोबाड दाखवू नकोस म्हण. पण त्यासाठी तू तिथे असायला हवास. पळून गेलास, पुन्हा त्या गोळ्यांच्या नादी लागलास तर माझी सुटका होईल, आणि मला अशी सुटका नको आहे. रविवारी मला तू समोर हवा आहेस, शुद्धीवर आणि माझ्यावर संतापलेला.

तुझीच,
डायरेक्टरबाई