मॉनिटरखालची बरणी

मंगळवार, ३ फेब्रुवारी २००४

पुन्हा रेघ! बरोब्बर वीस मिनिटांनी सगळं चित्र चेपलं आणि मधोमध एकच पांढरी रेघ उरली. एमएस-सीआयटीची परीक्षा बावीस तारखेला. मॅट्रिकनंतर पस्तीस वर्षांनी माझी पहिली परीक्षा, आणि सरावाला ज्ञानेशचा हा जुना कॉम्प्युटर. पोरगा नोकरीला पुण्याला गेला, हे दुखणं इथे ठेवून!

हे समोरच खुर्चीत होते. बघितलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त होऊन आठ महिने झाले, तेव्हापासून असेच — खुर्ची, पेपर, भिंत. परवा म्हणाले, "ह्या हातांना आता काय काम?" जेवण जाईना मला.

देवी, मी नापास झाले तरी चालेल. ह्यांना त्या खुर्चीतून उठव.

शुक्रवार, ६

स्टेशनजवळचे टीव्ही दुरुस्तीवाले निसारभाई आले. मॉनिटर उघडला. "भाभी, ही चिप तापते. दोनदा बदलली. ओरिजिनल येत नाही, डुप्लिकेट टिकत नाही. नवा घ्या."

"चालू असताना नवा कशाला?"

"चालू कुठंय?"

"वीस मिनिटं चालतो की!"

निसारभाई हसत सुटले. तेवढ्यात हे उठून आले! चिपेकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "हिच्या पाठीवरून पाणी फिरवलं तर?"

"पाणी? पिक्चर ट्यूबजवळ? यादवसाहेब, भाभींचा तरी विचार करा!"

"निसारभाई, शुक्रवारी तरी शुभ बोला," मी म्हटलं. पण ह्यांचं लक्षच नव्हतं. विमानात गरम भाग कसे थंड ठेवतात, तेल नळ्यांतून कसं फिरतं, हे अर्धा तास सांगत होते. अर्धा तास! मला काही कळलं नाही. चहा दोनदा केला.

रविवार, ८

घराचा कारखाना झालाय. तांब्याची नळी ठोकून चपटी केली, ती चिपेच्या पाठीला बसणार. मधे अभ्रकाची चकती — शॉक पाण्यात उतरू नये म्हणून. पुढे सलाइनची नळी, माशांच्या टाकीतला छोटा पंप, आणि पाण्याला माझी लोणच्याची बरणी. बरणी टेबलाखाली, जमिनीवर. "गळलं तर खालच्या खाली गळेल," म्हणतात. देवघरातल्या तांब्याकडेही नजर गेली होती. मी म्हटलं, "अहो, तो अभिषेकाचा!" मुकाट्याने मागे फिरले.

बुधवार, ११

दोन दिवस नळ्या नुसत्या वर्तमानपत्रावर मांडून पाणी फिरवलं. कागद कोरडा!

गुरुवार, १२

एक तास चाळीस मिनिटं! रेघ नाही!! मी टाईप करतेय आणि हे शेजारी स्टुलावर, नळीला बोट लावून. "कोमट आहे. उष्णता निघतेय." जेवताना स्वतःहून भात वाढून घेतला. फोनवर ज्ञानेश ओरडला, "बाबा, खरंच पाण्यावर चालवलंत?" हे म्हणाले, "त्यात काय," आणि मग त्याला पाऊण तास सगळं समजावलं.

बुधवार, १८

महाशिवरात्र. उपास. पहाटे कपालेश्वराला जाऊन आले, येताना गोदावरीचं, आपल्या गंगेचं, पाणी आणलं. बरणीतलं पाणी जरा उतरल्यासारखं दिसलं. ह्यांनी बॅटरीचंच पाणी, ते दुकानात मिळणारं शुद्ध केलेलं, घालायला सांगितलंय, पण मी थोडं गंगेचं ओतलं आणि वर बेलाचं एक पान सोडलं. परीक्षा चार दिवसांवर आलीय. असू दे देवाचं.

गुरुवार, १९

रेघ. तिसाव्या मिनिटाला.

पंपाचा आवाज येतोय, पण पाणी फिरेना. ह्यांनी नळीला हात लावला — कढत. काही तपासलं नाही, उघडलं नाही. "माझंच चुकलं असणार. जमत नाही आता." आणि पुन्हा खुर्ची. अर्ध्या ताटावरून उठले.

मी टेबलाखाली वाकून बघितलं. बरणीत पान नव्हतं.

सांगायला दोनदा तोंड उघडलं. सांगितलं नाही.

शुक्रवार, २०

पूजेला बसले आणि नैवेद्यच दाखवायला विसरले. अशा मनाने कसली पूजा? उठले, ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. हे पंप उघडायला बसले. तेवढ्यात निसारभाईही आले. चिमट्याने तीन तुकडे निघाले. बेल!

"बेलाचं पान? पंपात?" निसारभाईंनी कपाळाला हात लावला. मग मला म्हणाले, "भाभी, तुमच्या जागी आमची बेगम बिलकिस असती तर तिने मक्केचं झमझम ओतलं असतं!"

हे त्या तुकड्यांकडे बघत राहिले. मग हसू फुटलं — असं, की चिमटा हातातून पडला. "म्हणजे माझी नळी बरोबर होती!"

"बरोबरच होती."

"अगं बये, मग काल सांगायचं! रात्रभर मी नळीचे जोड तपासतोय मनातल्या मनात!"

बरणी धुतली. बॅटरीचं पाणी भरलं. उरलेली गंगा देवघरात ठेवली. ह्यांनी बरणीला फडकं बांधून वर गाठ मारली. माझ्याकडे बघून आणखी एक मारली.

रविवार, २२

पेपर सगळा सोडवला! बाहेर हे उभे होते. पेपर कसा गेला हे विचारायच्या आधी म्हणाले, "तिथले मॉनिटर तापत होते का?"

सोमवार, १ मार्च

सकाळी सहाला ह्यांनी दाढी केली आणि डबा मागितला. "निसारभाईंच्या दुकानात चार मॉनिटर येऊन पडलेत." पोळ्या दोघांच्या केल्या, निसारभाईंच्याही.