फळ्यावर व्हर्लीचं नाव

टॅलो बेंड, मिसिसिपी
रविवार, १३ सप्टेंबर १९८७

प्रिय ओझेल,

सप्रेम. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं तुझ्या सुनेने फोनवर सांगितलं. चालायला लागलास की अजून सुनेवर नुसते हुकूम सोडतो आहेस? माझं ठीक. डॉक्टर म्हणतो साखर वाढली आहे, पण मक्याची भाकरी काकवीत बुडवून खाणं काही सुटत नाही.

इकडे कापूस फुटला आहे. आता वेचायला यंत्रं येतात आणि आठ दिवसांत मैलभर पांढरं रान उघडं करून जातात. मी व्हरांड्यात बसून बघतो, आणि मिस प्रूइटने शाळेत पाठ करून घेतलेल्या कविता आपोआप ओठांवर येतात. तू दुसऱ्या कडव्यात हटकून अडकायचास. मग मागच्या बाकावरून व्हर्ली कुजबुजत तुला पुढची ओळ पुरवायची. दोन इयत्ता मागे होती, तरी आपल्या कविता तिला आपल्याआधी पाठ असायच्या.

फेब्रुवारीत ती गेल्यापासून घर फार मोठं वाटतं. त्याबद्दल एवढंच.

आता कामाचं लिहितो. थॅडियसच्या सलूनमध्ये शनिवारी आजही तोच वाद चालतो: सगळ्यात थोर ब्लूज गाणारा कोण? त्याने आता आरशाशेजारी शाळेतला फळाच टांगला आहे. त्यावर फक्त दहा नावं मावतात. नाव लावायचं तर दोन जिवंत साक्षीदार हवेत, आणि त्यांनी त्या माणसाला स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. रेकॉर्ड चालत नाही, रेडिओ चालत नाही. कुठे ऐकलं, केव्हा ऐकलं, सगळ्यांसमोर सांगायचं. गावाबाहेरच्या माणसाने सहीनिशी लिहून पाठवलं तरी चालतं. थॅडियस ते मोठ्याने वाचतो.

चार्ली पॅटन वर आहे. हेझकाया म्हणतो, अकराव्या वर्षी बापाच्या खांद्यावर बसून ऐकला. थॅडियसने विचारलं, "अकराव्या वर्षी खांद्यावर? तुझा बाप माणूस होता की खेचर?" रॉबर्ट जॉन्सनला तर एकाच शनिवारी तीन वेगवेगळ्या गावांत ऐकलेली माणसं आपल्याकडे आहेत. हाउलिन वुल्फ वर की मडी वॉटर्स वर, यावरून मागच्या शनिवारी हेझकाया अर्धी दाढी झालेली असताना खुर्चीतून उठून घरी गेला. उरलेली दाढी सोमवारी करून घेतली, आणि तीही "वुल्फचा आवाज ऐकलास की तुझ्या मडीची गिटार म्हणजे डबा वाजवल्यासारखी" हे ऐकवत.

काल फळ्यावरची एक जागा रिकामी झाली. एका साक्षीदाराने कबूल केलं की त्याने फक्त रेकॉर्ड ऐकली होती. थॅडियसने नाव पुसलं आणि विचारलं, "बोला, कोण?"

मी कोपऱ्यात पेपर वाचत होतो. तिथे बसून इतक्या वर्षांत मी कधी कुणाचं नाव सुचवलं नव्हतं. काल तोंडातून निघालं, "व्हर्ली."

"कुठली व्हर्ली?" हेझकाया म्हणाला.

"माझी."

सगळे हसले, पण वाईट नाही हसले. हेझकाया म्हणाला, "डीकनबुवा, तुमची बायको चर्चच्या स्वयंपाकघरात कोंबडी अशी तळायची की पाद्री प्रवचन आटोपतं घ्यायचा. त्याचा फळा असेल तर पहिला नंबर तिचा. पण ब्लूज?"

"तुम्ही सगळे इथे नंतर आलात," मी म्हणालो. "तिने हात लावला की गिटार बोलायची."

थॅडियसने वस्तरा पुसला. "ऐकलेलं कोण जिवंत आहे?"

हिशेब लवकर झाला. मी, आणि तू.

म्हणून हे पत्र. तुझी साक्ष पाठव, ओझेल. चार ओळी पुरतील.

तुझा मेहुणा,
क्लिओफस


रविवार, ४ ऑक्टोबर १९८७

प्रिय ओझेल,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, पावसात भिजलेल्या कोंबडीने पाय उमटवावेत तसं. मिस प्रूइटने तुला छडी मारली ती वाया गेली.

साक्ष देतो म्हणालास, बरं वाटलं. तिची गिटार तुझ्या शिकागोच्या घरी अजून भिंतीवर आहे, हेही वाचून बरं वाटलं. तारा काढून ठेवल्यास ते योग्य केलंस.

तू विचारतोस, ती थांबली का, हे कुणी विचारलं तर मी काय सांगणार? अरे, बायका थांबतात. घर असतं, शेत असतं, चर्च असतं. तुला आठवतं का, तिने एकदा मिस प्रूइटला विचारलं होतं की कवितेत प्रत्येक ओळ एकदाच का येते? मिस प्रूइट म्हणाली, चांगली ओळ एकदा पुरते. घरी जाताना व्हर्ली आपल्याला म्हणाली, "पहिल्यांदा म्हटलेलं लोकांना ऐकू येतं. दुसऱ्यांदा म्हटलेलं म्हणणाऱ्याला ऐकू येतं." बारा वर्षांची होती. मी आयुष्यभर वह्या भरून कविता लिहिल्या आणि त्यांत एवढं शहाणं वाक्य एकही नाही.

मिस ऑडेलबद्दल तू जे लिहिलंस, ते राहू दे ना. जुनं कशाला उकरायचं? ती बाई गेली त्याला तीन वर्षं झाली. पाद्री पिकेटची बहीण होती म्हणून लोक तिच्या जिभेबद्दल काय काय बोलायचे. तिच्या अंत्यविधीला अकरा माणसं होती. मी मोजली.

थॅडियसने जागा रिकामी ठेवली आहे, पण महिनाअखेरपर्यंतच. हेझकाया कुणाचं तरी नाव घेऊन टपून बसला आहे. तू फक्त कुठे आणि केव्हा ऐकलंस तेवढं लिही. बाकी काही नको.

तुझा,
क्लिओफस


गुरुवार, २२ ऑक्टोबर १९८७

ओझेल,

तुझी चिठ्ठी सोमवारी आली. दोनच वाक्यं. "माझ्या बहिणीचा आवाज ऑडेल पिकेटने बंद केला, हे साक्षीत लिही आणि थॅडियसला मोठ्याने वाचू दे. मग मी सही करतो."

तीन दिवस ती टेबलावर आहे. तिच्यावरच कॉफीचा कप ठेवतो आणि उचलतो.

ते मला लिहिता येत नाही. लिहिलं असतं तर महिनाअखेरीस व्हर्लीचं नाव लागलं असतं, आणि ऑडेलला काही मातीतून उठून नाही म्हणता येणार नव्हतं. खरं सांगतो, एक दिवस मी तसा मसुदा करूनही पाहिला.

पाद्र्याला मी सांगितलं, ओझेल. ऑडेलने नाही.

तुला ते ऑगस्टचे दिवस आठवतील, एकोणपन्नास सालचे. खुरपणी संपली होती, वेचणीला अवकाश होता. एकीकडे चर्चमध्ये आठवडाभर पापं धुवायच्या सभा, दुसरीकडे अंगणाअंगणांत मासे तळणं. शनिवारी दुपारी तुझ्या अंगणात मासे होते. चर्चचा कारभार बघायला मला डीकन होऊन चार महिने झाले होते, आणि ब्लूज म्हणजे चर्चच्या लेखी सैतानाचं गाणं, म्हणून मी आलो नाही. म्हणजे, तुला वाटलं आलो नाही. मी तुझ्या मक्याच्या शेतात उभा होतो, दहा पावलांवर, भर उन्हात, कोट घालून.

ती उलट्या टबावर बसली होती. बोटात घातलेली फुटक्या बाटलीची मान गिटारच्या तारांवर फिरत होती. आणि ती गायली,

नदीला पूर आला की घर सोडून जाता येतं,
हो, नदीला पूर आला की घर सोडून जाता येतं,
कोरड्या अंगणात उभी मी, मला कुठं जाता येतं?

तू मासा हातात धरून तसाच उभा राहिलास. ट्रॅक्टरवाला मोठा ल्यूक, ज्याला कुणी कधी रडताना पाहिलं नव्हतं, तो टोपी तोंडावर धरून बसला. आणि मला कळलं की ते कोरडं अंगण माझं आहे.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तिचा आत्मा वाचावा म्हणून मी पाद्र्याकडे गेलो. ओझेल, आत्म्याचं मला काही पडलेलं नव्हतं. सहा वर्षं मी दिव्याखाली बसून तिच्यावर कविता रचत होतो, यमकं जुळवत होतो, तिला वाचून दाखवत होतो. ती ऐकायची, "छान आहे" म्हणायची आणि भांडी घासायला उठायची. आणि तिने एका उलट्या टबावर बसून तीन ओळींत माझं अख्खं घर सांगून टाकलं. मला मत्सर वाटला. दुखलंही, पण आधी मत्सर.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तिला सगळ्यांसमोर उभं केलं. तू मागच्या बाकावर होतास. पाद्र्याने विचारलं, तिने चुकले म्हटलं, आणि मंडळीने तिला परत घेतलं. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे येऊन तिचा उजवा हात हातात घ्यायचा होता. पहिला मान डीकनचा. मी पुढे गेलो आणि तिचा हात हातात घेतला. तू दार आपटून बाहेर पडलास, आणि महिन्याभरात शिकागोची गाडी धरलीस. जाताना तिने तुला गिटार दिली. तुझ्या मागे लोकांनी ऑडेलचं नाव घेतलं आणि मी गप्प बसलो. ती बाई मरेपर्यंत पस्तीस वर्षं आपल्या रस्त्यावरून खाली मान घालून गेली.

आता जे थॅडियसला सांगायचं आहे ते. तिने गिटारला परत हात लावला नाही, पण ती थांबली नव्हती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती गायची. मी घरात आलो की बंद. म्हणून मी मागच्या पायरीवर बूट काढून उभा राहायचो. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. मग खोकायचो, म्हणजे तिला थांबायला वेळ मिळेल. अडतीस वर्षं, ओझेल. तिचं गाणं माझ्याइतकं जगात कुणी ऐकलेलं नाही, आणि मी एकदाही समोर बसून ऐकलं नाही.

एकदा बसलो. या जानेवारीत. ती अंथरुणावर होती, उशांना टेकून. मी म्हणालो, "व्हर्ली, काहीतरी म्हण."

ती म्हणाली, "मग उद्या पाद्र्याकडे जावं लागेल तुला."

मी तिची उशी सारखी करायला लागलो.

"त्याच रविवारी कळलं मला," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांचे हात कोरडे होते. तुझा ओला होता."

"मग तू राहिलीस का?"

"कुठं जाणार होते?" असं म्हणून ती हसली, आणि खोकला येईपर्यंत हसत राहिली. मग माझी बाही ओढून म्हणाली, "आणि तू त्या पायरीवर उभा असायचास. रोज. मला काय तू दिसत नव्हतास? खोकलास नाहीस ना, तर आणखी एक कडवं म्हणायचे."

मग ती गायली. आवाज म्हणजे नुसता वारा उरला होता. मी बिछान्याच्या कडेला बसलो होतो. काय गायली ते लिहीत नाही, ते माझ्यापाशी राहू दे.

ओझेल, फळ्यावर कोण थोर आणि कोण धाकटा, हे मला कळत नाही. हेझकाया म्हणतो वुल्फ, थॅडियस म्हणतो मडी, तू बहुतेक आणखी तिसराच म्हणशील, आणि सगळे बरोबरही असतील. ते सगळे गायले तेव्हा समोर माणसं होती. तिच्यासमोर भांडी होती आणि पायरीवर एक भित्रा माणूस. तरी ती गायली. म्हणून मला तिचं नाव तिथे हवं आहे.

सोबत कागद आहे. माझी साक्ष मी वर लिहिली आहे: तुझं मक्याचं शेत, तारीख, मागची पायरी. पाद्र्याला कोणी सांगितलं तेही लिहिलं आहे, आणि ऑडेल पिकेट निर्दोष होती हे पूर्ण नावानिशी लिहिलं आहे. एक प्रत मी ठेवली आहे. महिनाअखेरच्या शनिवारी थॅडियस ती मोठ्याने वाचेल आणि मी उभा राहून ऐकेन. तू सही केलीस काय, न केलीस काय, एवढं तर होणारच.

खाली तुझ्यासाठी जागा सोडली आहे. हवं तर यापुढे मला पत्र लिहू नकोस, तो तुझा हक्क आहे. माझ्या अंत्यविधीलाही येऊ नकोस. फक्त हा एक विचार कर. एका साक्षीदाराने नाव लागत नाही, आणि तिच्या बाजूने बोलायला आज फक्त मी उरलो आहे. तिला एकट्या माझ्यावर सोडू नकोस, ओझेल.

तुझ्या बहिणीचा नवरा,
क्लिओफस डँड्रिज