बंद दारांची गाडी

सिलियान, २ ऑक्टोबर १९७८

चि. कासियान यास बुर्गलताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या रोझलचा गुडघा आता जिने चढू देतो का? आणि ते तुमचं म्हातारं मांजर, अजून तुझ्याच उशीवर झोपतं का? इकडे मी ठणठणीत आहे. विन्सेंझची पाठ धरली आहे; आईचं ऐकायचं नाही असं मुलांनी ठरवलं की असंच व्हायचं.

एक डोळा गेला, आता दुसऱ्याचं ऑपरेशन, म्हणून घाबरू नकोस. वीस तारखेला पट्टी सुटेल तेव्हा पहिला चेहरा माझा दिसावा असं तू लिहिलंस. येते. विन्सेंझ म्हणतो, मोटारीने डोंगरातल्या बोगद्यातून नेतो. त्या वळणांवर माझं पोट तोंडाशी येतं. बसचंही तेच. मी आगगाडीनेच येणार. सत्तर वर्षांची झाले, इन्सब्रुकचा रस्ता मला कुणी शिकवायला नको.

वाटेत इटलीच्या हद्दीतलं आपलं इनिखन लागेल. आपल्या फिलोने तुझी चौकशी केली आहे. तुला तिचं नाव नको असतं, तरी लिहिते.

तुझी,
बुर्गलताई

•

इन्सब्रुक, ६ ऑक्टोबर १९७८

ती. बुर्गलताईस सा. न. वि. वि.

मी सांगतो आहे, रोझल लिहिते आहे. गुडघा बरा. मांजर उशीवरच.

तू बंद गाडीनेच ये. सिलियानला बसलीस की वाटेतल्या इटलीच्या हद्दीत दारं उघडायचीच नाहीत, ओळखपत्र नको, गाडी बदलणं नको, थेट आपल्या मुलखात उतरशील. साध्या गाडीच्या भानगडीत पडू नकोस, ती दोनदा बदलावी लागते.

फिलोचं म्हणशील तर, चाळीस साली घराघरांत इटली सोडून जाणारे आणि तिथेच राहणारे अशी फूट पडली, तेव्हा मी गेलो, ती राहिली. त्याचा राग नाही. पण मी पेटी घेऊन इनिखनच्या फलाटावर उभा होतो, सगळं गाव निरोपाला आलं, आणि माझी सख्खी बहीण आली नाही. अडतीस वर्षं झाली. आता डोळा राहतो की जातो या घाईत मला ते उकरायचं नाही.

तुझा लोभ आहेच.
कासियान

(मी नुसती लिहिते आहे, ताई. माझं मत वेगळं आहे. रोझल)

•

सिलियान, ९ ऑक्टोबर १९७८

चि. फिलो हिस अनेक आशीर्वाद.

तुझा दमा कसा आहे? गाई कोण बघणार ते ठरलं का?

आता नीट वाच. वीस तारखेला मी सकाळच्या साध्या गाडीने निघते. तू ओळखपत्र घेऊन इनिखनच्या फलाटावर ये. मी खिडकीतून हात करीन, तू चढ. एकटीने परमुलखात कधी गेले नाही म्हणून रडतेस, तर मी आहे ना बरोबर. कासियान हाकलून देईल म्हणतेस; डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस कुठे पळणार आहे?

तो गाव सोडून गेला त्या दिवशीचं तू मला कळवलंस, ते मी त्याला सांगणार नाही. ते तुझं तूच सांगायचंस.

इस्पितळाचा पत्ता पाकिटामागे लिहिला आहे. तुला लागायचा नाही म्हणा.

तुझी,
बुर्गलताई

•

इन्सब्रुक, २५ ऑक्टोबर १९७८

ती. बुर्गलताईस सा. न. वि. वि.

अक्षर बघ. माझं आहे, माझ्या डोळ्याने काढलेलं.

तू त्या सकाळी वेळेआधीच येऊन माझ्या खाटेशी गप्प बसलीस, तेव्हा मला वाटलं डॉक्टरांनी तुला काही वाईट सांगितलं. मग रोझलसाठी फुलं आणते म्हणून उठलीस, ती गेलीसच. फिलो पुढच्या गाडीने येते का ते बघायला तू स्टेशनवर पळाली होतीस हे मला नंतर कळलं. अगं, रस्ता कुणी शिकवायला नको म्हणणारी तू, आणि सवयीने चढलीस बंद गाडीतच! फिलो सांगते, इनिखनला तुझी गाडी नुसती हळू झाली. काचेआड तू दोन्ही हात हलवत होतीस आणि ती फलाटावर बोचकं धरून उभी.

तू स्टेशनवरून परत येईपर्यंत काय झालं, ते तू आम्हाला तीनदा विचारलंस. तेव्हा सांगवलं नाही.

नर्स म्हणाली, बहीण आली आहे. म्हटलं, बस. डॉक्टरांनी पट्टी सोडली. आधी धुकं, मग करडा रुमाल, मग एक चेहरा. मी म्हटलं, ताई, किती वाळलीस तू. तर ती म्हणाली, "मी ताई नाही. त्या दिवशी मी आले होते रे. मालधक्क्याच्या आड उभी होते. पुढे आले असते तर तुझ्याबरोबर चढले असते, आणि मग आईजवळ कोण राहिलं असतं?"

डॉक्टर ओरडले की डोळ्यातून पाणी काढू नका म्हणून. आम्ही दोघांनीही ऐकलं नाही.

तू दिसेनाशी झाल्यावर ती परत घरी जाणार होती म्हणे. फलाटावर पाच मिनिटं बसली, पाकिटामागचा पत्ता वाचला, आणि पुढच्या गाडीत एकटीच चढली. दोन ठिकाणी विचारत विचारत बदलली. दम्यासकट.

ती महिनाअखेरपर्यंत इथेच आहे. मांजर आता तिच्या उशीवर झोपतं. एक तारखेला, सर्व संतांच्या सणाला आई-बाबांच्या थडग्यावर दिवा लावायचा, म्हणून तिला सोडायला मीही इनिखनला येतो आहे. साध्या गाडीने. अडतीस वर्षांनी त्या फलाटावर उतरेन. तूही सिलियानहून ये. फक्त चढण्याआधी गाडीची दारं कुठे कुठे उघडतात तेवढं विचार.

कोणत्या गाडीने येतेस ते लगेच कळव. उत्तराची वाट मी स्वतः टपालाची पेटी उघडून बघणार आहे.

तुझा,
कासियान