भाऊची किडनी

३ जून
शिरपूरला आले! कॉलेजात रुजू झाले, खोलीही छान मिळाली. खिडकीतून सातपुडा दिसतो. घरमालकीण पुष्पाबाईंनी आल्या आल्या शेवभाजी आणून दिली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी वाटी पुसून खाल्ली. थोरल्या भाऊनं, कुंदननं, मला त्याची किडनी दिली त्याला तीन वर्षं होतील. शरीरानं ती परकी म्हणून नाकारू नये, यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. बाकी मी ठणठणीत.

१९ ऑगस्ट
पोटात कळा येतात. ब्लाउज सैल झालेत. पुष्पाबाई म्हणतात, इथलं पाणी मानवलं नाही. आज शौचाला रक्त पडलं. भाऊला फोन केला. तो लगेच भडगावहून निघाला.

२ सप्टेंबर
धुळ्याला दुर्बिणीतून तपासणी झाली होती, आज निदान कळलं. मोठ्या आतड्यात लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरच. तिथं क्वचितच होतो म्हणे, पण प्रतिकारशक्ती दाबलेली असली की त्याला फावतं. डॉक्टर म्हणाले, आधी गोळ्या कमी करू, कधी कधी तेवढ्यानंही गाठ ओसरते. किडनीला धोका आहे, पण जीव आधी. परतताना एसटीत भाऊ एवढंच म्हणाला, मग मी कूस कशाला चिरून घेतली?

९ सप्टेंबर
भाऊ इथंच राहिलाय. स्वयंपाक तोच करतो, मला ओट्याकडे फिरकू देत नाही. केवढी माया! गोळ्या निम्म्याच घेते.

२० सप्टेंबर
डॉक्टर रागावले. रक्तातलं औषध कमी व्हायचं सोडून वाढलंय. मी खोटं बोलते म्हणाले. आईची शपथ घेतली. भाऊ शेजारीच होता.

२१ सप्टेंबर
वरण कडू. भाऊ म्हणतो, तुझ्याच तोंडाला चव नाही.

२२ सप्टेंबर
खलबत्त्यात पांढरी भुकटी. माझ्याच गोळ्या. विचारलं, तर लपवलंही नाही त्यानं.
"दिपमाला, ती किडनी मनी शे. मी तिले मरू देवाव नही."
किडनी त्याची, तिला तो मरू देणार नाही. आणि मी? भाऊ, मी?
तो पुन्हा कुटायला लागला.

२३ सप्टेंबर
पुष्पाबाई जामनेरला लेकीकडे. फोन त्याच्या खिशात. सकाळपासून जेवले नाही. पाणीसुद्धा —
ताट वाढतोय. ऐकू येतंय. रडतोयही.
आला. आतून कडी घातली. मी तोंड उघडणार नाही, काही झालं तरी मी तों—